एकोणीस दिवसांचा पांढरा प्रकाश

सर्व संबंधितांना, विशेषतः सोलापूर शहर व तालुक्यातील प्रकाशप्रेमी नागरिकांना, गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात, तळमजल्यावरच्या खोली क्रमांक सातमध्ये, एका काचेच्या बशीत पांढरा प्रकाश निर्माण झाला होता. तो एकोणीस दिवस टिकला. विसाव्या दिवशी, ज्यांनी तो निर्माण केला त्यांनीच तो मागे घेतला. या संपूर्ण काळात बशीच्या शेजारी उभा असलेला एकमेव साक्षीदार म्हणजे मी, बिराजदार, प्रयोगशाळा सहायक. या प्रकरणातला मुख्य गुन्हेगारही मीच. पण ते यथावकाश येईल. गुन्हेगाराने आधीच पुढे येऊन बसू नये. आधी बाईंबद्दल.

बाई म्हणजे सरोजा मेरगू. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिका. म्हणजे दर जूनमध्ये नवी नेमणूक, दर एप्रिलमध्ये नमस्कार, आणि अशी अकरा-बारा वर्षं. वय चव्वेचाळीस. घर पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेडमागे. भिंती सतत थरथरतात म्हणून घरात एकही तसबीर सरळ टांगलेली राहत नाही, असं त्या सांगायच्या. माझी खात्री आहे की बाईंमध्ये ती थरथर लहानपणीच शिरली आणि मग बाहेर पडायची वाट विसरली.

कारण ही बाई बसत नसे. आमच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नावाचं एक स्टूल होतं, त्यावर मी डबा ठेवायचो. चहा उभ्याने, उत्तरपत्रिका उभ्याने, फोन तर चालत चालत. फोन लांबला की बाई दरवाजातून निघून पार सायकल स्टँडपर्यंत पोचलेल्या असत. मी म्हणायचो, "मॅडम, बसा की जरा." त्या म्हणायच्या, "बसले की विचार खाली जाऊन साचतो, बिराजदार." यावर काय बोलणार? मी बसायचो. माझ्याकडे साचण्यासारखं फारसं काही नव्हतं.

त्यांचं संशोधन होतं पेरोव्स्काइटवर. हे नाव ऐकून घाबरू नका, मीही पहिलं वर्षभर ते कागदावर बघूनच उच्चारत होतो. पेरोव्स्काइट म्हणजे एका ठरावीक घडणीचे स्फटिक. आतले अणू कसे रचलेत, कोण कोपऱ्यात, कोण मधोमध, यावरून ती घडण ओळखायची. त्यातले काही स्फटिक असे असतात की त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश टाकला की ते दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. जगभर लोक त्यांच्या मागे लागलेत, पुढेमागे त्यातून दिवे करायचे म्हणून. अडचण एकच. त्यातले जे झगझगीत आणि नावाजलेले आहेत, त्यांच्या पोटात शिसं असतं. शिसं विषारी.

बाईंनी पहिल्याच दिवशी मोठ्या सरांना सांगितलं, "शिशाचं काम मी करणार नाही." मोठे सर म्हणजे आमचे विभागप्रमुख आणि बाईंचे मार्गदर्शक. ते म्हणाले, "अगं, शिसं घेतलंस तर दोन वर्षांत सुटशील. बिनशिशाचे सगळे मंद असतात." बाई म्हणाल्या, "माझे वडील सूत रंगवायच्या कारखान्यात. डब्यावरची कवटी बघत मी मोठी झालेय, सर. आता आणखी एक कवटीचा डबा माझ्या हाताने उघडायचा नाही." झालं. दोन वर्षांचं काम सहा वर्षांवर गेलं.

बिनशिशाचा स्फटिक शुद्ध केला की तो गप्प बसतो. दिसायला मिठासारखा, वागायलाही मिठासारखा. त्यात मुद्दाम थोडी भेसळ करायची, चिमटीतल्या चिमटीएवढं मँगनीज घालायचं, की अतिनील दिव्याखाली तोच नारिंगी उजळतो. याला डोपिंग म्हणतात. शास्त्राच्या भाषेत नव्हे, तर आमच्या घरच्या भाषेत सांगायचं तर आमटीला हिंग. बाई काट्यावर पदार्थ मोजायच्या तेव्हा तोंडाने तेलुगूत आकडे चालायचे, ओकटी, रेंडू, मूडू, आणि पाय त्याच तालावर हलत. "शुद्ध माणूस आणि शुद्ध स्फटिक," त्या म्हणायच्या, "दोघंही अंधारात बसतात, बिराजदार. थोडी खोट पाहिजे." मला हे वाक्य फार आवडायचं. घरी बायकोला दोनदा ऐकवून पाहिलं. तिला नाही आवडलं.

बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, पण अतिनील टॉर्च असायचा. बोटभर लांबीचा, जांभळट उजेडाचा. विद्यार्थी पाठीमागे त्यांना टॉर्चबाई म्हणत. त्या टॉर्चने त्यांनी कॉलेजच्या कंपाउंडमधले विंचू शोधले. विंचू त्या उजेडात हिरवट चमकतो, हे मला त्यांनीच दाखवलं आणि त्यानंतर मी संध्याकाळी भिंतीला टेकणं सोडलं. नोटा, ओळखपत्रं, काजूकतली, एकदा तर मोठ्या सरांचे दात, सगळ्यांवर टॉर्च मारून झाला. प्राचार्यांच्या बैठकीत वीज गेली, पडदे ओढलेले होते, खोलीत काळोख. बाईंना दम निघतो का? टॉर्च पेटला. प्राचार्यांचा पांढरा शर्ट निळाजांभळा पेटल्यासारखा उजळला आणि वर मान मात्र काळीकुट्ट. प्राचार्य दिसेनात, नुसता शर्ट खुर्चीत बसलेला.

बाई म्हणाल्या, "सर, तुमची साबणपावडर फार चांगली आहे."

पुढच्या जूनमध्ये त्यांची नेमणूक तीन आठवडे उशिरा आली, ती याचमुळे असं सगळ्यांचं मत आहे. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत एक चकाकीचं रसायन घालतात, ते निळं चमकतं, एवढं साधं कारण होतं. हे कारण नीट लक्षात ठेवा. बाईंना ते पाठ होतं, आणि तरीही पुढे जे व्हायचं ते झालंच.

स्फटिक चांगले यायला हवे असतील तर ओव्हन हळूहळू निवावा लागतो. घाईने निवला की चुरा होतो. आता बघा, जगातली सगळ्यात अधीर बाई आणि जगातलं सगळ्यात संथ काम, दोघांची गाठ आमच्या खोलीत पडलेली. एका मे महिन्याच्या दुपारी ऐन कामात वीज गेली. ओव्हन धडाधड निवणार. बाई स्कूटीवरून घरी गेल्या आणि दोन जाडजूड चादरी घेऊन आल्या. बाहेर बेचाळीस अंश, आणि आम्ही दोघं ओव्हनला चादरी पांघरतोय. वर मोराची नक्षी. शिपाई डोकावून म्हणाला, "कोण आजारी हाय का वो?"

बाई त्या चादरीच्या गाठोड्याभोवती दोन तास फेऱ्या मारत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, अजून एकशेआठ झाल्या की देव प्रसन्न होतो." त्या थांबल्या नाहीत, पण हसल्या. त्या दिवशी जे स्फटिक निघाले ते आमच्या खोलीतले आजवरचे सर्वात सुबक. प्रबंधात त्याची नोंद आहे: 'नियंत्रित मंद शीतलीकरण'. मोराचा उल्लेख नाही.

आता गुन्ह्याकडे येतो.

आमच्याकडे पुसायला लागणारा खास कागद संपला. मागणीची फाइल कार्यालयात गेली आणि तिथेच राहायला लागली. बाईंना खल, बशा, चमचे सतत पुसायचे असत. मग मी शूरपणे पुढे झालो. माझ्या मेव्हण्याचे टॉवेलचे माग आहेत. त्याच्याकडून सेकंडचे, म्हणजे विणीत किरकोळ दोष असलेले, छोटे पांढरे नॅपकिन गठ्ठ्याने आणले. कोरे करकरीत. बाई इतक्या खूश की त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली. सोलापुरात टॉवेल नाही वापरायचा तर काय वापरायचं!

आणि साधारण त्याच महिन्यात ते घडलं. बाईंनी मँगनीज घातलेली नवी पूड बशीत काढली, खिडकीला काळा कागद लावला, टॉर्च मारला. नारिंगी दिसायला हवं होतं. दिसलं पांढरं. मऊ, किंचित पिवळसर, घरातल्या दिव्यासारखं. बाईंच्या हातातून टॉर्च पडला. मोजणीच्या यंत्रावर आलेख काढला, तर नारिंगीच्या टेकडीशेजारी निळी टेकडी उभी. निळं अधिक नारिंगी, डोळ्याला पांढरं. एकाच पुडीतून, शिशाशिवाय, पांढरा प्रकाश!

एकोणीस दिवस आमच्या विभागात दिवाळी होती. मोठ्या सरांनी पेढे वाटले. स्थानिक पेपरात चार ओळी आल्या, त्यात बाईंचं आडनाव चुकलं होतं आणि माझं आलंच नव्हतं. प्राचार्यांनी शर्टाचा विषय उदार अंतःकरणाने विसरून शाल-श्रीफळाची तारीख काढली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रबंधाचं पाचवं प्रकरण सापडलं. बाईंची पीएच.डी.ची मुदत दोनदा वाढवून झाली होती, आता तीन महिने उरले होते, पुढे वाढ नव्हती. पीएच.डी. नाही तर कायम नोकरी नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी आणखी किती जून मोजणार?

आम्ही सगळे खुर्च्यांवर रेलून बसलो होतो. बाई तेवढ्या बसत नव्हत्या. "निळं कुठून येतंय?" हा एकच प्रश्न. मोठे सर म्हणाले, "येतंय ना? येऊ दे की." बाई खिडकी ते दार, दार ते खिडकी. "मँगनीज निळं देत नाही, सर. मग कोण देतंय?" बाईंची चप्पल वाजली की मी दचकायचो.

विसाव्या दिवशी सकाळी बाईंनी काय केलं, तर ज्यात काहीच घातलेलं नाही अशी कोरी पूड खलात नव्याने घोटून काढली. गप्प बसणारी, मिठासारखी. टॉर्च मारला.

ती निळी उजळली.

मी शेजारीच होतो. पुडीतली चिमूट बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, बाजूने टॉर्च धरला आणि बघितलं. मग मला म्हणाल्या, "बघा." मी डोळा लावला. दाणे काळोखात गप्प होते. त्यांच्या मधे मधे निळे झगझगीत धागे होते, बारीक, वेटोळे घेतलेले.

"हा पीळ ओळखला का?" बाईंनी विचारलं. मी मान हलवली, म्हणजे नाही. दुसऱ्या कुठल्या शहरातल्या शास्त्रज्ञाने कदाचित वर्षभर डोकं आपटलं असतं. या बाईंचं बालपण मागाखाली गेलेलं. त्या म्हणाल्या, "टॉवेलच्या फंदाचा, म्हणजे वरच्या वेटोळ्याचा, धागा आहे. सुती. कोरा माल असला की असाच झडतो."

तेवढ्यात दुपारचा डबा घेऊन नान्ना आले. नान्ना म्हणजे बाईंचे वडील, ऐंशीच्या घरातले. बाई डबा विसरायच्या म्हणून रोज दुपारी सायकलवरून डबा पोचवायचे. आयुष्य रंगाच्या टाकीपाशी गेलेलं; नखांच्या कडेचा निळा रंग निवृत्तीनंतरही गेला नव्हता. बाईंनी माझ्या गठ्ठ्यातला एक नॅपकिन त्यांच्या हातात दिला. "नान्ना, इदि चूडू." हे बघ. नान्नांनी तो अंगठ्याखाली चोळला, उजेडात धरला, नाकाशी नेला.

"सेकंडचा माल," ते मराठीत म्हणाले, बहुधा माझ्यासाठी. "पांढरा दिसायला चकाकी लई मारलीया. धुतला न्हाई. कुनी आनला?"

मी खोलीतल्या गॅसच्या शेगडीचं निरीक्षण करू लागलो.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं आता बॉम्ब पडणार. त्या म्हणाल्या, "प्राचार्यांच्या शर्टावर मी टॉर्च मारते, बिराजदार, आणि रोज हातात घेते त्या फडक्यावर नाही मारला. चूक माझी." आणि डबा न उघडता तशाच मोठ्या सरांच्या खोलीकडे निघाल्या. मी मागोमाग. गुन्हेगाराला घटनास्थळ सोडवत नाही.

मोठे सर ऐकून पेपरवेट फिरवत बसले. माणूस वाईट नव्हता. मुदतवाढीसाठी त्यांनीच चकरा मारल्या होत्या. ते म्हणाले, "सरोजा, एक काम कर. निळा भाग राहू दे. खाली एक वाक्य टाक, 'याचं कारण अद्याप अस्पष्ट आहे.' निम्म्या प्रबंधांत हे वाक्य असतं. माझ्यातही आहे."

बाईंनी नॅपकिन टेबलावर ठेवला. "कारण स्पष्ट आहे, सर. हे बघा, घडी घालून आणलंय."

"तीन महिन्यांत नवं प्रकरण होणार आहे का?"

"नाही झालं तर नाही झालं."

"आणि नोकरी?"

यावर बाई एका जागी उभ्या राहिल्या, असं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या वळल्या आणि परत चालायला लागल्या. शाल-श्रीफळ रद्द झालं. पेपराला त्यांनी स्वतः पत्र पाठवलं, ते छापून आलं नाही. पांढरा प्रकाश मागे घेण्यात आला.

पुढचे तीन महिने मी आयुष्यात विसरणार नाही. खोली सातच्या दारात बाई टॉर्च घेऊन उभ्या. जो चमकेल तो बाहेर. सकाळी धुतलेला शर्ट घालून आलेले एक तरुण प्राध्यापक दारातूनच परत गेले. मी तीन महिने एकच जुनाट तपकिरी सदरा घातला. बायकोने कॉलेजात काही भानगड आहे का, असं विचारलं. खल, बशा सगळं आम्लाने धुतलं, हवेवर वाळवलं, कापडाला खोलीत बंदी. काय उरलं? नुसतं नारिंगी. पण बाईंनी ते नारिंगी असं पिंजून काढलं! मँगनीज किती घातलं की किती उजळतं, कुठे कमाल होते, आणि त्यापुढे जास्त घातलं की उलट कसं विझत जातं. तीसहून जास्त बशा. प्रत्येक बशी तीनदा. पाय अखंड चालू. मुदतीच्या आदल्या दिवशी प्रबंध गेला. पाचव्या प्रकरणाचं नाव होतं 'एका चुकीची हकिकत'. धाग्यांचं छायाचित्र, कोऱ्या पुडीचा आलेख, सगळं त्यात. नॅपकिनच्या जागी 'सुती कापडाचा तुकडा' एवढंच. तो कोणी आणला, हे सबंध प्रबंधात कुठेही नाही. मी तीनदा शोधलं.

मग खुली मौखिक परीक्षा आली. पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको: बाई पास झाल्या. महिनाभरात त्यांना लांबच्या एका गावी कायम नोकरी मिळाली आणि त्या गेल्या. निरोप समारंभात त्या उभ्या होत्या म्हणून आम्हा सगळ्यांनाही उभंच राहावं लागलं. पण मला बाई आठवतात त्या निरोपाच्या दिवशीच्या नाहीत. त्या परीक्षेतल्या एका मिनिटातल्या.

सभागृह भरलं होतं. बाहेरगावचे परीक्षक, जाड भिंगांचा चष्मा, कमी बोलणारे. नान्ना शेवटच्या रांगेत, धुवट पांढरा सदरा, मांडीवर टोपी. मी त्यांच्या शेजारी तपकिरी सदऱ्यात. बाईंनी दिवे घालवून बशी दाखवली. नारिंगी उजेड. सुंदर होता, पण लहान होता, खोटं कशाला बोलू? दिवे लागले. परीक्षकांनी पाचवं प्रकरण उघडलं. पानं मागे-पुढे केली.

"मेरगूबाई, मला एक समजलं नाही," ते म्हणाले. "पांढऱ्या प्रकाशाचं प्रकरण तयार होतं. आलेख चांगला होता. तुम्ही हे प्रकरण असं लिहिलं नसतं, तर खरं सांगतो, मला पत्ता लागला नसता. तुमच्या सरांनाही नाही. मग का लिहिलंत?"

मोठ्या सरांनी डोळे मिटून घेतले. बाई फळ्याजवळ उभ्या होत्या, हातात बशी, पाय एकदम थांबलेले. परीक्षक चष्म्यावरून बघत राहिले. मला वाटलं, उठून ओरडावं, साहेब, टॉवेल मी आणले होते.

मी उठायच्या आतच माझ्या शेजारी खुर्ची करकरली. नान्ना उभे राहिले होते, टोपी खाली पडलेली, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात परीक्षकांवरच डाफरले:

"आवो साएब, कच्चा रंग व्हता त्यो, पयल्या पान्यात उतरला असता की!"